वय माहीत असलेला दात

बेतूलला, बर्फाच्या बंद कारखान्यामागं, आमच्या दोन खोल्या.
तिसऱ्या खणात, कापसात, एका सीलचा दात आहे.
थंड मुलुखातून टपालानं आलेला,
पाकिटावर जकातीचे सात शिक्के,
आत चिठ्ठी: मादी, वय सतरा, नक्की.
जन्मली त्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या पंखाला
बिल्ला टोचला होता,
आणि सतरा हिवाळे कुणी ना कुणी
त्याच खडकावर पालथं पडून
दुर्बिणीतून तो बिल्ला वाचत राहिलं.

म्हणून तो दात आमचा मास्तर.
कुणी नवीन आलं की आधी हाच मोजायला द्यायचा.
चौदा म्हणालीस तर पुन्हा.
एकोणीस म्हणालीस तर चष्मा पूस.

मी बारा दिवसांनी सतरावर आले.
कडेला एक स्वच्छ, कोरलेली रेघ असते, ती जन्माची.
तिच्या बाहेरचं सगळं आईच्या पोटातलं.
मग वर्षं आत आत भरत जातात, थरावर थर,
घरात सामान वाढावं
आणि चालायची जागा कमी होत जावी, तसं.
सातव्या थरापासून रेघा दाटल्या होत्या.
पहिलं पिल्लू, वेर्लेकर बाई म्हणाल्या.
पाजायचं, आणि स्वतः काही खायचं नाही.
उपास दातात उतरतो.

गोव्याच्या पाण्यात सील नाही. कधी नव्हता.
इथं भुलगा आहे,
पाठीवर पर नसलेला, करडा, लाजरा,
श्वास घेतो तोही कुणाला कळू न देता.
पर्यटकांच्या होड्या त्याच्यासाठी थांबत नाहीत.

इनास कुलासनं आणली ती माडाच्या झावळीखाली झाकून,
पहाटे, पोलिसाला भ्यावं तसा इकडेतिकडे बघत.
कांडाळीत गुरफटली होती. वर यायला जमलं नाही.
लांबी एकशे त्रेचाळीस.
दात खुरप्याच्या पात्यासारखे, चपटे.
पोटात माकल्यांच्या चोची आणि कोळंबी.
स्तनाशी सुरी टेकली तर दूध आलं.
वहीत लिहिलं: दूध, होय.
त्यापुढं त्या रकान्यात जागा नसते.

दात रात्रभर आम्लात ठेवला.
सकाळी तो रबरासारखा वाकला.
गोठवून कापला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
जांभळ्या रंगात बुडवला, काचेवर निजवला.
मी: अकरा. बाई: दहा. मी, पुन्हा, न बघितल्यासारखं करून: अकरा.

आठवड्यानं इनास आला. दारातच उभा.
कितलीं वर्सां तिका?
अकरा असावीत, म्हटलं.
त्यानं बोटांवर काहीतरी जुळवलं.
म्हणजे माझ्या होडीच्या आधीची.
होडी नऊची.
मग ती ओळखत असणार
माझ्या मशीनचा आवाज.

यावर काय बोलायचं ते कुठल्याच शोधनिबंधात नव्हतं.
जाळ्याला लावायचे टिकटिकणारे डबे येणार आहेत,
असं मी सांगू लागले.
कितीला एक, त्यानं विचारलं.
मी आकडा सांगितला. तो हसला नाही, ते बरं झालं.

मग म्हणाला, दाखव.
सूक्ष्मदर्शकाला चुकीचा डोळा लावला.
काहीतरी हलतंय, म्हणाला.
ती तुझी पापणी, म्हटलं. दुसरा डोळा लाव.
बराच वेळ त्याचे ओठ हलत राहिले,
माळ ओढताना हलतात तसे.
शर्टाला डिझेलचा वास.
णव, म्हणाला शेवटी. आनी एक अर्दें.

अर्धं खरंच आहे. शेवटचा थर अपुरा,
पावसाळा संपता संपता थांबलेला.
ते मला सुटलं होतं.

वहीत मी चौथी ओळ आखली.
वाचक: इ. कुलास. नऊ आणि अर्धं.
संध्याकाळी बाईंनी पान उलटलं, पेन उचललं,
ती ओळ दोनदा वाचली,
आणि पेनाचं टोपण लावलं.