जोडपट्टी

साइनशांदच्या इंधन-डेपोत आज उणे एकतीस.
गोबीच्या हवेत ओल म्हणून नाहीच.
टोपी काढली की केस उभे राहतात
शाळेत साहेब आल्यासारखे.

बातसूर नवा आहे. अंगात आईनं विणलेला
उंटाच्या लोकरीचा स्वेटर.
परवा बराकीत दिवा मालवून त्यानं तो काढला,
बाह्यांतून निळी तडतड झाली, पोरं हसली.
सकाळी मला सांगितलं तेव्हा मीही हसले,
खोटं कशाला बोलू.
मग स्वेटर घडी करून माझ्या कपाटात ठेवला,
कुलूप लावलं.
घरी जाताना परत देईन.

पेट्रोल नळातून नुसतं जात नाही, बाबा.
भिंतीला घासत जातं,
आणि घासलं की काही ना काही साचतंच.
पुस्तकात तिला स्थिर वीज म्हणतात.
नाव स्थिर, जन्म सगळा वाहण्यातला.
गाळणीतून गेलं की भार आणखी चढतो,
म्हणून पुढं हा लांब सरळ नळ.
तीस सेकंद इथं तो उतरू द्यायचा,
विहिरीवरून येताना आपण कॅन खाली ठेवतो,
हात बदलतो, तसा.

सुरुवातीला हळू. सेकंदाला एक मीटर.
आपण रुळांकडेनं गप्पा मारत चालतो त्याहूनही हळू,
भरणनळीचं तोंड बुडेपर्यंत.
वरून धार सोडायची नाही.
धार दिसायला छान असते.

आणि वॅगनवर चढण्याआधी
पितळी पट्टीवर उघडा तळहात.
हातमोजा नाही. हो, उणे एकतीसमध्येही.
कातडी चिकटते, थोडी तिथेच राहते.
माझी उजवी भाग्यरेषा
मी अशी वर्षावर्षानं पितळेला दिली.

मागच्या महिन्यात राजधानीतून तपासणीला माणसं येणार,
म्हणून दामदिननं सगळे नळ रंगवून घेतले, चांदीसारखे.
फ्लँजवरच्या तांब्याच्या जोडपट्ट्या रंगवल्या,
त्यांचे बोल्टही, वॉशरच्या खालीसुद्धा.
फोटो सुरेख आला.
मी मीटर लावला.
दहा ओमच्या आत हवं,
काटा जागचा हलला नाही.

म्हणजे बारा मीटरचा तो तुकडा
दोन्हीकडे गास्केट,
ना अलीकडच्या नळाशी बोलणं, ना पलीकडच्या,
ना जमिनीशी.
पोटातून पेट्रोल धावतंय,
भार साचतोय,
वरून चांदी.
माझा नवरा गान्सुख शेवटची तीन वर्षं
असाच बसायचा खिडकीत.
पण ते असो.

पंप बंद केला. नळ रिकामे केले.
घरून मेंढी सोलायची सुरी आणली होती,
तिनं चौसष्ट बोल्ट खरवडले,
तांबं लाल दिसेपर्यंत.
दामदिन ओरडला, नव्या रंगाची वाट लावलीस!
म्हटलं, फोटो काढून झाला ना?
तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी त्यानंच सँडपेपर आणून दिला.

आता वॅगन भरली आहे.
बातसूरच्या हातात मापाची काठी, पाय शिडीकडे.
थांब, म्हणते. अर्धा तास.
केबिनमध्ये मिठाचा चहा ओतते.
तो घड्याळ बघतो, वॅगन बघतो, मला बघतो.
कशासाठी थांबलोय आपण?
पेट्रोलसाठी.
त्याला काय झालंय?
काही नाही. शांत होतंय.

वहीत लिहिते:
तीन चाळीस. भरणी पूर्ण. विशेष काही नाही.
एकोणीस वर्षं हेच वाक्य,
फक्त वेळ बदलते
आणि कधी कधी पेन गोठतं.

बातसूर तळव्यावर फुंकर घालतोय.
दुखतं, म्हणतो.
दाखव.
एवढंसं.