प्रश्न अकरा

मिठानगरच्या चढावर माझं झेरॉक्सचं दुकान.
काउंटरवर नवऱ्याने लावलेली पाटी:
सुटे पैसे द्यावेत. सल्ला देऊ नये.
पाटी आहे.

गुरुवार, म्हणजे लाईट नाही.
तीनच्या सुमारास लादू आला, घामाने निथळत.
बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, तेही दुसऱ्यांदा,
मराठीत ‘ताई’ आणि ‘चालेल’ एवढंच पक्कं.
हातात चार पानं. त्याच्या देशात आता घटना लिहायची आहे,
बाहेर शिकणाऱ्यांनीही मत कळवावं म्हणे.
साठ कॉपी. पाठपोट.

लाईट येईपर्यंत तो स्टुलावर बसला, मी वाचत राहिले.
इंग्रजी मला वाचता येतं, बोलायला गेलं की पळतं.
राजधानी कुठे असावी.
गुरं चारायच्या वाटा कुणाच्या.
आणि अकरावा:
ज्यांनी गावं जाळली त्यांना निवडणुकीला उभं राहू द्यावं का?
हो. नाही. सांगता येत नाही.
पुढे तीन चौकोन, तांदळातल्या खड्याएवढे.

आमच्या सोसायटीत सहा वर्षं
पार्किंगचा नियम लिहिणं चालू आहे.
कुणी कुणाचं काही जाळलेलं नाही.
तळमजल्यावरच्या इनामदारांनी एकदा
कुणाच्या तरी स्कूटरची हवा सोडली,
त्यावर दोन सभा झाल्या, तिसरी कोरमअभावी तहकूब.

संध्याकाळी सगळी पोरं दुकानाच्या पायऱ्यांवर.
मांडीवर पुठ्ठे, माझीच पेनं.
गातवेच लादूचा रूममेट,
दोघांची गावं एकाच नदीवर, समोरासमोर.
इथे एकाच पातेल्यात भात लावतात,
करपला तर कुणामुळे, यावर रोज वाद.
त्याने अकराव्यावर पेन टेकवलं, उचललं,
लादूच्या कागदात डोकावला.
लादूने परीक्षेत झाकतात तसा तळहात आडवा धरला.

मग भांडले.
आधी एकाच्या भाषेत, मग दुसऱ्याच्या,
मग दोघांना येणाऱ्या बाजारातल्या तिसऱ्या भाषेत,
तिथे आवाज जरा खाली आला,
कदाचित त्या भाषेत त्यांनी आजवर
नुसता भावच केला असेल.
वरच्या गॅलरीतून शकीलाभाभी म्हणाल्या,
ए बच्चों, नमाज का टाइम है.
गप्प झाले. लगेच.

अचोल नर्सिंगला आहे, कमी बोलते.
तिने मला विचारलं, ताई, तुम्ही काय लिहाल?
मी म्हटलं, माझा देश नाही गं तो.
ती म्हणाली, म्हणूनच.

पाटीकडे बघितलं.
धाकटा दीर आठवला.
तेराव्याच्या आदल्या दिवशी त्याने ह्या शटरला
स्वतःचं कुलूप घातलं होतं.
चार वर्षं शिवाजीनगर कोर्टाचे जिने चढले, चावी मिळाली.
आता भाऊबीजेला येतो, माझ्या पोरीला पाकीट देतो,
मी चहा ठेवते.
साखर विचारत नाही. कमीच घालते.
याला तीनपैकी कुठला चौकोन?
मी म्हटलं, पेन परत ठेव हं आठवणीने.

साठ नेले, त्रेचाळीस परत आले.
ते स्कॅन करून पाठवायचे होते.
काचेखालून उजेड सरकायचा, एकेक मत निघून जायचं,
बरीचशी ‘हो’, बरीचशी ‘नाही’, मी मोजली नाहीत.
एका पानाच्या पाठीवर, शेवटच्या ओळीत
‘नाव (ऐच्छिक)’ याच्या बरोब्बर शेजारी
काळा ठिपका यायला लागला.
काच पुसली. स्पिरिट लावून पुन्हा पुसली.
ठिपका तिथेच.
कागद उजेडात धरला तेव्हा कळलं, भोक आहे.
पलीकडून, अकराव्यावरून आलेलं.
तिन्ही चौकोन कोरे, आणि त्यांच्या पुढे
पेन इतका वेळ, इतकं दाबून धरलेलं
की आरपार.

तसंच पाठवलं.

लादूने पैसे मोजले, दोन रुपये कमी.
उद्या देतो, म्हणाला हाताने.
चालेल, मी म्हटलं.