खिडक्या

मोरोबा धैर्यवान, कस्टम हौसातले हेडक्लार्क,
यांनी मुंबईच्या वर्णनाचं एक दीडशे पानी पुस्तक घेतलं
आणि मरेपर्यंत ते जाड करत नेलं.
आता ते मुगभाटातल्या वाचनालयात, माझ्या टेबलावर;
मिटता मिटत नाही,
दोन्ही पुठ्ठे अबोला धरलेल्या भावांसारखे लांब.

मजकुरात 'तलाव' आला की स्कॉटलंडचा तलाव,
काठाला होडी, धुकं, खाली पेन्सिलीनं: विहार.
'बाजार' आला की कैरोचा बाजार.
'वादळ' या एका शब्दापायी
तीन जहाजं बुडवलीत.
तांब्यावर कोरून छापलेल्या त्या बारीक रेघा,
आणि कडा, करंजी कातावी तशा.

कुठून आणली, हे शोधायला लांब जावं लागलं नाही.
मागच्याच कपाटात, आमच्याच शिक्क्याची एकोणीस पुस्तकं,
प्रत्येकाला खिडक्या.
एका प्रवासवर्णनातून पुढच्या पानावरचं दिसतं,
'आणि मग कप्तान', एवढंच.
कसरीचं काम मला लगेच ओळखू येतं.
कसर चौकोनी खात नाही.

समितीचा ठराव झाला: ज्याचं त्याला परत.
मी खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद टाकून,
ओला बोळा कडेकडेनं फिरवला, थांबले.
तलाव गेला. कैरो गेलं.
जहाजं एकेक करून निघाली.
पुस्तक उतरत चाललं, पाय दाबलेल्या सुजेसारखं.

पान अठ्ठ्याऐंशी. मजकूर गिरगावातल्या विहिरींचा.
तिथं एक बाई, मानेभोवती झालर,
इटलीकडची असावी; नाव कापताना गेलं.
खाली मोडीत दोन ओळी.
मला मोडी येत नाही. नवलकरकाकांना हाक मारली,
त्यांनी चष्मा वरखाली करत लावून दिलं:
'आमच्या मातोश्री ऐशा हसत.
तसबीर काढविली नव्हती.'
काका म्हणाले, हं. आणि वर्तमानपत्राकडे परत गेले.

बाईची खिडकी मला ठाऊक आहे.
खालचा कप्पा, हिरवं कापड, पान दोनशे बारा;
तिच्यातून पलीकडचे कापसाचे भाव दिसतात.

बोळा वाटीत पिळून ठेवला.
यादीत एकोणिसाव्या पुस्तकापुढे लिहिलं,
चित्र आढळले नाही,
आणि सही केली, नेहमीपेक्षा जरा सुवाच्य.