क्यूब नंबर सतरा

उदगीरच्या पॉलिटेक्निकात, तळमजल्याला,
काँक्रीट लॅबची किल्ली माझ्याकडं असते.
ठोकळा यंत्रात ठेवायचा, मोडायचा,
आकडा वहीत लिहायचा,
तुकडे मागच्या बोळात टाकायचे.
अकरा वर्षं हेच.
मोडण्याचा पगार घेणारा
या इमारतीत मी एकटाच.

मार्चात संजीवनी गुट्टे आली
स्कूटीच्या डिकीत हिरडे घेऊन,
दोन किलो गूळ, आणि
पेपरात गुंडाळलेले फड्या निवडुंगाचे पंजे.
म्हणाली, मामा, सिमेंटमध्ये घालायचंय.
मी म्हणालो,
का, सिमेंटचा कोठा साफ होईना का?

दुसऱ्या दिवशी गफूर बेलदाराला घेऊन आली.
तरुणपणी बैलाच्या घाणीवर चुना मळलेला माणूस,
गुडघे गेलेले, बोटांच्या पेरांत अजून पांढरी रेघ.
हिरड्याचं पाणी त्यानं आधी जिभेवर घेतलं.
"काय मोजलालीस गं काट्यावर?
जीभ आखडली की झालं."
ती ग्रॅममध्ये लिहीत होती,
तो ओंजळीत सांगत होता,
आणि मधल्या फरकाला
मी टेबल पुसत होतो.

पहिल्या सहा ठोकळ्यांत गूळ जास्त झाला.
तिसऱ्या दिवशी साचा उघडला
तर आत शिरा.
बोट घातलं, बोट गेलं.
चौथ्या दिवशी मुंग्या आल्या, रांगेनं,
खिडकीतून, हजेरीपटावरून,
प्राचार्यांच्या सहीवरून.
संजीवनी हसली नाही.
गफूरमामा म्हणाला, चुना म्हाताऱ्यावाणी असतो,
गोडावर खूश.
ह्या करड्या पिठाला गोड बोललं
की ते कामाचं विसरतंय. चिमूट घाल.

एप्रिलात टँकर आठव्या दिवशी येऊ लागला.
क्युरिंगची टाकी रिकामी करायचा कागद आला:
पोरांना प्यायला नाही, दगडांना कुठलं.
कागद बरोबरच होता.
टाकीच्या तळाला ठोकळ्यांचे चौकोन उरले,
कुणी पाटावरून उठून गेल्यासारखे.

तेव्हा निवडुंगाची पाळी आली.
तिनं चिमट्यानं काटे काढले,
पंजे चिरले, रात्रभर भिजत घातले.
सकाळी पळी उचलली
तर पाणी पळीसोबत उठलं,
तार धरून, खाली पडायला तयार नाही.
बांधावर उभं राहून
आठ महिने कुणाकडं न मागणाऱ्या झाडाचं पाणी.
ते कसं सोडेल?

तीन दिवस ओलं पोतं, मग काहीच नाही.
पत्र्याखाली, उन्हात, अठ्ठावीस दिवस.
मी रोज तिकडून जायचो.
वारस नसलेल्या सामानाकडं बघावं
तसं बघायचो.

साधा ठोकळा, निवडुंग नसलेला,
तीनशे ऐंशीला गेला. कट्ट.
सोळा नंबर चारशेला. काही विशेष नाही.
सतरा ठेवला.
काटा चारशे ओलांडून गेला,
साडेचारशेला मी हँडलवरचा हात बदलला,
गफूरमामानं टोपी काढून मांडीवर ठेवली,
पाचशे. पाचशे दहा.
मग पोटातून एक आवाज आला,
जोंधळ्याचं ताट मोडावं तसा.

आत तो ओला होता.
मेमधल्या दुपारी, उदगीरात,
मधोमध हातभर नाही, बोटभर,
पण ओला, गडद,
घागर उचलल्यावर खाली राहतो
त्या रंगाचा.

संजीवनी म्हणाली, एकानं काही सिद्ध होत नाही.
वहीत तेवढंच लिहिलं.
गफूरमामा त्या ओल्या जागेवर
बराच वेळ अंगठा टेकवून बसला.

तुकडे बोळात टाकायचा नियम आहे.
सतराचा अर्धा मी घरी नेला,
रांजणाखाली सरकवला.
बायको म्हणाली, हे काय आणलालाव?
मी म्हणालो, निवडुंग.
तिनं रांजण हलवून बघितला,
डुगडुगायचा थांबला होता.

आज सकाळी स्कूटी परत दारात.
डिकी बंद होईना,
फटीतून अंबाडीचा वाख लोंबत होता,
म्हाताऱ्याच्या दाढीसारखा.
काही बोलली नाही.
किल्लीसाठी नुसता हात पुढं केला.