नावाआधीची हाक

वर्सोव्याच्या शाखेतून फोन आला तेव्हा
मी उद्योगनगरच्या टपरीवर, कटिंग हातात.
"साहेब, तुमच्या सिस्टिमनं
द्वारका टपके यांना 'नल' करून टाकलंय."
नव्या रोजबचत योजनेचं पहिलंच पासबुक.
नाव: नल. वारस: नल. शिल्लक: शून्य.
बाईंनी सुकटीचे साडेसात हजार
काउंटरवर दोनदा मोजून दिले होते.
आता विचारत होत्या,
हा नळ कुठला, आणि ह्याला पाणी कधी येतं?

वर आलो. मृण्मयी भोगटे,
नोकरीला लागून पाच महिने,
स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली,
"माझ्या क्लासमध्ये नाव आहे, सर. मी भरते.
हे बघा. इथे. भरते."
भरत होती. ओळ एकवीस.

मग एकेक पाऊल थांबवत आत उतरलो.
एकवीसच्या आधी एक ओळ असते,
कुणी न लिहिता लिहिलेली:
आधी बाप घडतो.
'खातं' नावाचा बाप. माझा.
अकरा वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर बसून लिहिलेला.
आणि त्याच्या घडण्याच्या अगदी शेवटी
मी हौसेनं घालून ठेवलेलं:
ओळख छाप.
म्हणजे कुठलंही पोर विसरायला नको.

अकरा वर्षं चाललं,
कारण आधीच्या पोरांनी
बापाचीच ओळख चालवून घेतली.
मृण्मयीच्या रोजबचतीनं
पहिल्यांदा स्वतःची लिहिली.

तर बापानं हाक मारली,
आणि ओ दिली पोरानं.
पोर अजून घडायचं होतं.
तोंड होतं, खिसे होते,
खिशात कुणी काही घातलं नव्हतं.
त्यानं हात घातला,
जे लागलं ते इमानेइतबारे छापलं.

मी आधी एका जुन्या भाषेत काम करायचो.
तिच्यात बाप घडताना पोर तिथं नसतंच.
हाक मारली तर बापच बापाला ओ देतो,
आणि बापाकडं स्वतःचं उत्तर नसेल
तर अख्खा प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो.
हल्ली मला ते बरं वाटतं.
इथं कुणी मरत नाही.
शून्य छापतात आणि पुढच्या कामाला लागतात.

काळाचौकीच्या आमच्या खोलीत
पाहुणे आले की भाऊ मला पुढं ढकलायचे.
चार वर्षांचा असेन.
"सांग काकांना, कोण होणार तू?"
प्रश्न भाऊंचा, तोंड माझं.
आत शोधलं. काही नव्हतं.
समोर भिंतीवर कॅलेंडर होतं,
त्यावरचं एकच अक्षरचित्र ओळखीचं,
मी म्हणालो, "मंगळवार."
सगळे हसले. भाऊ नाही हसले.
पुढं कितीतरी वर्षं
रागावले की मला मंगळवार म्हणायचे,
आणि मी, खरं सांगतो,
ओ द्यायचो.

हे मृण्मयीला सांगितलं नाही.
म्हटलं, "चूक तुझी नाही. बापाची."
ती ओळ खोडली.
आता आधी पोर पुरतं घडेल,
एकवीस, बावीस, वारसासकट,
मग बाहेरून कुणीतरी हाक मारेल.
"आणि ते कुणीतरी विसरलं तर?" तिनं विचारलं.
अकरा वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं,
उत्तर म्हणूनच तर ती ओळ होती.
"तर पान कोरं येईल," मी म्हणालो.
"कोरं पान लोक लगेच परत आणतात."

साडेपाचला शाखेतून फोन.
रक्कम आली, वारस आला, नावही आलं.
फक्त टपकेचं टपेक झालंय,
पण ते आमच्या क्लार्कच्या हातून, साहेब.
बाई काय म्हणाल्या?
म्हणाल्या, असू दे.
निदान कुणीतरी माणसानं चुकवलंय.