आलेच

मी फक्त पंप चालवतो.
खड्ड्यात पाणी चढू द्यायचं नाही, एवढंच काम.
ओरानिएनबुर्गची जमीन वाळूची,
चार मीटर खणलं की पाणी लागतं,
तपकिरी, कालच्या चहासारखं.

आधी अठरा वर्षं चुनखडीच्या खाणीत होतो.
तिथेही उशीर असायचा, पण बेतलेला.
पहिल्या सुरुंगानंतर दुसऱ्याला पंचवीस मिलिसेकंद,
तिसऱ्याला पन्नास.
कानांना एकच बार,
दगडाला मात्र आपली पाळी कळायची.
आधीचा सरकला, जागा झाली, मग पुढचा.
एवढी शिस्त बेकरीच्या रांगेतही नाही.
वर कुरणातली गाय मान उचलायची
आणि पुन्हा चरायला लागायची.

हा उशीर वेगळा.
पाव टनाचा, शेपटीत काचेची कुपी घेऊन आलेला.
मऊ वाळूत शिरला आणि वळला,
नाक आभाळाकडे करून निजला.
कुपी फुटली, पण द्रव भलतीकडे ओघळला,
चकतीला नुसता वास लागला.
ज्याने हे जुळवलं त्याचा हिशेब साधा होता:
भोंगा थांबेल, लोक तळघरांतून वर येतील,
बादल्या धरतील, रूळ जोडतील, मेलेले मोजतील.
तोवर थांब.
बहात्तर तास. फार तर सहा दिवस.
दुष्टपणा इतक्या सबुरीने करता येतो
हे खाणीत कोणी शिकवलं नव्हतं.

थांबला. ऐंशी वर्षं.
वर कुणी मुळे लावले, कुणी झोपाळा बांधला,
देशाचं नाव बदललं,
आणि खाली चकती आपली ठिसूळ होत राहिली.

सकाळपासून हजारेक माणसं बाहेर काढली.
हेडविग क्रुम्पोल्ट, वय एक्याण्णव,
चाकाच्या खुर्चीतून मलाच म्हणाली,
जणू मी विचारलं होतं,
"भोंगा थांबला तशी आई कोळसा आणायला वर गेली.
आलेच, म्हणाली."
बसचं दार लागलं.
काचेआड तिचे ओठ अजून हलत होते.

आता खड्ड्यात एकटा टोर्गे.
त्याने हात वर केला की पंप बंद;
त्याला ऐकायचं असतं.
काय, ते मी कधी विचारलं नाही.

हात वर.
पंप बंद.
एवढी शांतता की कुठल्याशा घरात
विसरलेला गजर वाजतोय ते कळतं.
खाणीत आकडे तोंडपाठ होते,
इथे मोजायला सुरुवात कुठून करायची?

पाणी त्याच्या बुटांना लागलंय.
हात अजून वरच आहे.