साडेचार किलो

रात्री दोनला मी आणि हौसाक्का
चौदा नंबरच्या खाटेशी उभ्या राहतो.
बाकीच्यांना कूस देऊन झालेली असते.
ह्याला देता येत नाही.
हाडातून गेलेली सळई, दोरी, चक्री,
पायथ्याशी लोंबणारी वाळूची पिशवी.
ट्रॅक्शनवाल्याला कूस नसते.
त्यानं डोक्यावरची दांडी धरायची,
आम्ही कमरेखालून वीतभर उचलायचं,
तेवढ्यात चादर ओढून ताठ करायची,
एवढीशी चुणीसुद्धा पहाटेपर्यंत जखम होते.
टाचेखालून माझा हात आरपार गेला पाहिजे.
गेला, की लिहायचं: दोन वाजता. त्वचा ठीक.

मायाप्पा गडदे. मूळचा उमदीकडचा,
सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षं हमाल.
हळदीची थप्पी सरकली
आणि उजवी मांडी खाली सापडली.
पहिल्या दिवशी पाठ पुसली तर
घमेल्यातलं पाणी पिवळं झालं.
आठव्या दिवशीही झालं.
कमरेच्या घडीतून, कानामागून, नखांच्या मुळांतून
ती निघतच राहिली.
हौसाक्का म्हणाली, नवरदेवाला पण एवढी लावत नाहीत गं.
तो हसला. हसू सळईपर्यंत गेलं,
मग थांबला.

एका रात्री म्हणाला,
"सिस्टर, ह्ये पाच किलो न्हाय."
मी चार्ट दाखवला. पाच किलो. खाली डॉक्टरांची सही.
"कागदावर आसंल. पायाला साडेचार लागतंय."
झोपा म्हटलं.
इंजेक्शननंतर सगळेच काहीबाही बोलतात.

सकाळी झाडताना खाटेखाली
मुंगीच्या वाटेसारखी वाळूची रेघ.
पिशवीची शिवण उसवलेली.
डॉक्टरांनी नवी पिशवी लावली,
जुनी मी स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवली:
चार किलो पाचशे वीस.
त्याला जाऊन सांगितलं. वीस ग्रॅम चुकलात, मायाप्पा.
"वीस बारदानाचं," तो म्हणाला,
आणि चहा मागितला.

तेव्हापासून तो माझ्याकडे बघू लागला असावा.
अॅप्रनखाली मी पट्टा बांधते, ते कुणाला माहीत नाही.
घरीसुद्धा नाही.
दोनच्या फेरीला मी वाकले, तशी कळ आली,
तोंडातून काही निघालं नाही, पण अंधारात तो म्हणाला,
"कमरंनं उचलू नगा, बाई. गुडघं मोडा.
वजं पोटाशी घ्या, मग उठा.
लांब धरलं की दुप्पट हुतंय."
वजं म्हणजे तो स्वतःच होता.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हे मी आकृतीसकट लिहिलेलं,
दहापैकी नऊ मार्क.
पण आकृतीत पेशंट एकच होता.
वॉर्डात बेचाळीस, आणि रात्री आम्ही दोघी.
गुडघे मोडले. त्याला पोटाशी घेतलं.
त्याच्या अंगाला अजून
कच्च्या हळदीचा मातकट वास येत होता.
"आता बगा," म्हणाला,
जसा कुणा नव्या पोराला
पहिलं पोतं पाठीवर दिल्यावर म्हणत असेल.

शनिवारी मुकादम आला. पाकीट उशीखाली सरकवलं,
सळईकडे बघायचं टाळलं,
आणि त्याला नाही, मला विचारलं,
"सिस्टर, पोतं कधी उचलंल ह्यो?"

फोटो मी पाहिला होता.
राउंडला डॉक्टर जे इंग्रजीत बोलले
ते मला कळलं होतं.
मायाप्पा माझ्याकडे बघत होता,
पिशवीकडे बघायचा तसा,
बारदान किती, माल किती.

मी पायाशी गेले.
बोटं हलवा, म्हटलं.
त्यानं हलवली.
मुकादमही बघत राहिला.
परत हलवा, म्हटलं.